हळूबाई आणि शेंगदाण्याचा ‘हो’

आमच्या नातीसाठी भाजीवाल्याकडून तट्टू आणलं ते उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात काय, सगळीच जनावरं संत असतात. भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग, पोट गोल, पाय आखूड, आयाळ डोळ्यांवर आलेली. नातीने आल्या आल्या त्याचं नाव ठेवलं शेंगदाणा. नात नऊ वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. पण ही गोष्ट भिंगरीची नाही, शेंगदाण्याचीही नाही. ती आहे हळूबाईची. मी बोलता बोलता भलतीकडे गेलो तर वाचणाऱ्याने कान धरून मला परत आणावं. घरी ते काम माझी लेक करते.

लाकडाच्या वखारीमागे सहा ठाणांचा एक तबेला आहे, तो हळूबाई सांभाळते. पन्नाशी उलटलेली, काडीसारखी बारीक, अंगात गुडघ्यापर्यंत येणारा पुरुषी कोट, खिशात दोरीचे तुकडे, नालेचा खिळा आणि अर्धं गाजर. नाव तिला आईबापांनी काहीतरी चांगलं ठेवलंच असेल, पण दिवसातून शंभर वेळा ती एकच शब्द म्हणते, म्हणून सगळे तिला त्याच शब्दाने ओळखतात. दार लावणाऱ्याला ‘हळू’. बादली ठेवणाऱ्याला ‘हळू’. मला तर चहा पिताना म्हणाली, “हळू, आजोबा. चहा कुठे पळून चाललाय?”

तिचा बाप दूधगाडी हाकायचा. ती चौदा वर्षांची असताना त्याचा पाय मोडला आणि सबंध हिवाळा गाडी हिने हाकली. पहाटे रस्ता काचेसारखा गुळगुळीत, मागे दुधाचे बारा कॅन, पुढे म्हातारा घोडा आणि मध्ये ही. “एक थेंब सांडला नाही,” ती सांगते, पण फुशारकीने नाही, आपण पत्ता सांगतो तसं.

तर थंडी पडली. डबक्यांवर बर्फाचा पापुद्रा धरायला लागला. भिंगरीची शाळेची परीक्षा, मग तिला खोकला, मग पाऊस-वारा, असे पंधरा दिवस शेंगदाणा ठाणातच उभा. त्यात आमच्या जावईबापूंना माया आली. हापिसात मोठे साहेब असले तरी मनाने लोणी. “थंडीत जनावराला ताकद हवी,” म्हणून त्यांनी हळूबाईला न विचारता, तबेल्यातल्या पोऱ्याला सांगून दाणा दुप्पट करायला लावला. सोळाव्या दिवशी भिंगरी वर बसली आणि दहाव्या पावलाला खाली आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या वेळी शेंगदाण्याने असा गचका दिला, अशी दुगाणी झाडली, की पोरीच्या हनुवटीला तीन टाके पडले.

त्या संध्याकाळी जावईबापू जेवणाच्या टेबलाशी म्हणाले, “थंडी संपेपर्यंत थांबू. तोवर भिंगरीला तो एकटीने आवरता आला, तर राहील. नाहीतर जाईल. गिऱ्हाईक बघून ठेवलंय.” भिंगरीने ताट सरकवलं. टाक्यांमुळे तिला रडतासुद्धा येत नव्हतं, हनुवटी ताणली जायची. पोरीने नुसती आसवं गाळली, तोंड बंद ठेवून.

दुसऱ्या सकाळी मी, जावईबापू आणि भिंगरी तबेल्यावर गेलो. हळूबाईने शेंगदाण्याच्या कानाखाली हात घातला, छातीशी घातला, मग दाण्याच्या घमेल्यात डोकावली.

“दाणा कुणी वाढवला?”

“मी,” जावईबापू म्हणाले. “थंडी आहे म्हणून.”

“साहेब, तुम्ही असं करा. रोज दुप्पट जेवा आणि पंधरा दिवस खोलीत कोंडून घ्या. सोळाव्या दिवशी मी तुमच्या पाठीवर बसते. बघू काय करता.”

मला हसू आवरेना. जावईबापूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तेच हसू खोकल्यात बदललं.

“ऊब गवताने येते,” ती म्हणाली. “दाण्याने येते ती मस्ती. रात्रभर चघळायला गवत द्या, दाणा मूठभर ठेवा. आणि तो रोज बाहेर पडला पाहिजे. वारा असो, धुकं असो, मला त्याचे नखरे कुंपणाच्या आत, पाठीवर कोणी नसताना बघायचेत.”

मग तिने भिंगरीकडे बघितलं. “तीन आठवडे वर बसायचं नाही. चालशील त्याच्या बरोबर?”

भिंगरीने मान हलवली. टाके होते ना.

त्या तीन आठवड्यांत मी त्या बाईला कामात पाहिलं, आणि खरं सांगतो, आयुष्यात मी बरीच माणसं कामात पाहिली आहेत. सकाळी सातला ती बादलीवरचं बर्फ टाचेने फोडायची, वर किटलीतलं गरम पाणी ओतायची. खुरात चिखल गोठून दगड झालेला असायचा, तो खिळ्याने एकेक कण काढायची. मग लांब दोरीवर शेंगदाण्याला गोल फिरवायची. तो पहिल्या पाच मिनिटांत उड्या मारायचा, शेपूट झेंड्यासारखी, चारी पाय एकदम हवेत. ती मध्ये उभी, दोरी सैल, चेहऱ्यावर रेघ नाही. “झालं का? अजून एक आहे वाटतं. ये, तीही काढ.” जनावराची मस्ती ती अशी काढायची, जशी आई पोराच्या खिशातून गोट्या काढते. मग भिंगरी त्याच्या खांद्याशी चालायची. वखारीला वळसा, नळाशी थांबा, परत. रोज.

आणि एक गोष्ट. लगामाचं लोखंड तोंडात घालण्याआधी ती ते कोटाच्या आत, काखेत धरायची. पाच मिनिटं, गप्पा मारत. मी म्हटलं, “हे कशाला हो?” ती म्हणाली, “जीभ लावून बघा की एकदा.” आता मी पडलो खेड्यातल्या शाळेत शिकलेला, सांगितलेला प्रयोग करून बघणारा. बाहेर खुंटीवर दुसरा लगाम होता. लावली जीभ. ती चिकटली! बोलताही येईना, सोडवताही येईना. भिंगरी हसली, टाके पडल्यानंतर पहिल्यांदा. हळूबाईने किटलीतलं कोमट पाणी आणून माझी सुटका केली आणि म्हणाली, “बघा. तो रोज हे सोसायचा, आणि आपण म्हणत होतो तो तोंड का फिरवतो.”

तीन आठवड्यांनी भिंगरी पुन्हा वर बसली. दहा पावलं, वीस पावलं, सुरेख. हळूबाई म्हणाली, “आता थोडी टाच लाव.” आणि गचका! पोर मानेवर आली, पडली नाही, पण शेंगदाणा थरथरायला लागला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दाणा कमी, मस्ती काढलेली, लोखंड गरम. मग राहिलं काय? हळूबाईची मी पहिल्यांदाच झोप उडालेली बघितली. थंडीचे दोन आठवडे उरले होते.

उत्तर दिलं ते जावईबापूंनी. त्यांना मात्र पत्ताच नव्हता.

झालं असं, रविवार होता. हळूबाई शेंगदाण्याला दोरीवर फिरवत होती, जावईबापू कुंपणाला टेकून फोनवर त्यांच्या वरच्या साहेबांशी बोलत होते. “हो साहेब,” ते म्हणाले. शेंगदाणा थांबला. हळूबाईने जीभ वाजवली, तो चालला. “हो, हो, उद्याच पाठवतो.” थांबला. पुन्हा चालवला. “हो ना!” थांबला, आणि या वेळी तर कान टवकारून जावईबापूंकडे बघत राहिला, जणू विचारत होता, आता काय उतरवायचंय?

हळूबाईने दोरी गुंडाळली. हळूच भिंगरीजवळ आली.

“मी तुला वर बसल्यावर सांगते ना, पाठ सरळ ठेव, टाच लाव. तू काय म्हणतेस?”

“काय म्हणजे? हो म्हणते.”

“मोठ्याने?”

“आजोबांनीच सांगितलंय.”

आता इथे मला कबुली दिली पाहिजे. आमच्या शाळेत एक मास्तर होते. कुणी नुसती मान हलवली की गरजायचे, “मान डोलवायला तू बैल आहेस का? तोंडाने हो म्हण!” तेच मी लेकीला शिकवलं, तेच नातीला. आमच्या घरात हो म्हणजे खणखणीत हो. पाहुणे दचकतात.

“हा आधी भाजीच्या गाडीला होता ना?” हळूबाईने विचारलं. होताच. “गाडीच्या घोड्याला आमचे लोक थांबवतात कसे? होऽ म्हणून. दारोदारी. आमचा दूधवाला घोडा तर शेजारणी गप्पा मारायला लागल्या की पुढेच जायचा नाही.” तिने शेंगदाण्याच्या कपाळावर हात ठेवला. “पोरगी तोंडाने म्हणते थांब, टाचेने म्हणते पळ. अशा घरात माणूस वेडा होईल, हे तर तट्टू आहे. उन्हाळ्यात नुसता थांबायचा, आपण म्हणायचो आळशी. थंडीत अंगात जोर आला, तसा भांडायला लागला.”

“मग त्याचा शब्द बदलू या,” मी म्हणालो.

“का? तो बरोबर शिकलाय. चुकतोय आपण.” मग आमच्या सगळ्यांकडे बघून, “आजपासून या आवारात कुणी हो म्हणायचं नाही. बरं म्हणायचं.”

म्हणायला सोपं. पन्नास-साठ वर्षांची जिभेची सवय! मी पहिल्या दिवशी सात वेळा चुकलो, सात वेळा शेंगदाणा थांबला, सात वेळा भिंगरी ओरडली, “आजोबा!” जावईबापूंचं तर विचारू नका. त्यांनी फोनवर साहेबांना एकदा “बरं” म्हटलं, दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा साहेबांनी विचारलं म्हणे, की तुम्ही रागावला आहात का? पण तट्टू, अहो, तट्टू दोन दिवसांत निवळलं. “टाच लाव.” “बरं.” आणि शेंगदाणा दुडक्या चालीने असा निघाला, जसं त्याच्याशी आयुष्यात कुणीतरी पहिल्यांदाच सरळ बोललं होतं.

घोडामैदान जवळ आलं. थंडीचा शेवटचा आठवडा, बोचरा वारा. जावईबापूंनी ठरवलं, आवाराला तीन फेऱ्या, दोरीशिवाय, कुणीही हात न लावता. भाजीवाल्याचा भाऊ, तेच ते गिऱ्हाईक, त्याला संध्याकाळी बोलावलं होतं. भिंगरीने हे ऐकलं होतं. ओठ दातांखाली धरून ती वर चढली.

पहिली फेरी छान. दुसरी त्याहून छान. तिसऱ्या फेरीला वखारीच्या ढिगावरचं ताडपत्रीचं टोक वाऱ्याने सुटलं आणि फाडकन आपटलं. शेंगदाणा उधळला. साधा नाही, चौखूर. ट्रक नुकता गेल्याने फाटक उघडं, पलीकडे रस्ता. लेक किंचाळली. जावईबापू कुंपणावरून उडी मारायला गेले आणि पॅंट अडकून तिथेच लोंबकळले. मी ओरडलो, “लगाम धर! मागे रेल!” पण भिंगरीच्या तोंडून शब्द फुटेना. आठ-दहा दिवस तो एक शब्द गिळायला शिकवलेलं पोर. मान आयाळीत घुसलेली, ओठ घट्ट.

फाटकात हळूबाई उभी होती. तिने हात पसरले नाहीत, धावली नाही, ओरडली नाही. तट्टू वीस हातांवर आलं तेव्हा नेहमीच्या आवाजात, चहा हवा का विचारावं तसं, तिने विचारलं, “भिंगरे, हा तुझाच ना गं?”

आज्ञेला ‘बरं’ म्हणता येतं. अशा प्रश्नाला नाही येत.

“होऽऽऽ!” भिंगरी ओरडली. आमच्या मास्तरांच्या शाळेतला हो, खणखणीत.

शेंगदाणा चारी पायांवर घसरला, मातीत चार रेघा उठल्या, आणि थांबला. हळूबाईच्या कोटाच्या बटणाला त्याचं नाक लागलं. तिने खिशातून अर्धं गाजर काढलं. त्याला दिलं नाही, वर भिंगरीच्या हातात दिलं. “तू थांबवलंस. तू दे.”

माझं तोंड काही गप्प बसत नाही. मी म्हणालो, “बाई, तुम्हीच का नाही म्हणालात हो? तुमचंही त्याने ऐकलं असतं.”

“ऐकलं असतं ना,” ती म्हणाली. “मग तो माझ्यासाठी थांबला असता. साहेबांची अट काय होती?”

इतक्या वेगात येणाऱ्या तट्टासमोर उभं राहून ज्या बाईला अट आठवते, तिच्याबद्दल मी आणखी काय लिहू? मला तर माझी चप्पलसुद्धा आठवत नव्हती. ती नंतर नळाशी सापडली.

जावईबापू फाटकी पॅंट सावरत आले. भिंगरीचा पाय चाचपला, हनुवटी बघितली, मग शेंगदाण्याकडे वळले. हळूबाई लगामाचा पट्टा सैल करत म्हणाली, “संध्याकाळच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवायचं ना, साहेब?”

जावईबापूंनी तोंड उघडलं. शेंगदाण्याने कान टवकारले. भिंगरीने श्वास धरला.

“बरं,” जावईबापू म्हणाले.