अण्णांची मूठ

रामहरी ढवळेचं काम साखर कारखान्यात पोती शिवण्याचं. पण नेवासा तालुक्यात त्याला ओळखत ते त्याच्या घशामुळे. कामगार युनियनच्या प्रत्येक गेटसभेत पहिली घोषणा त्याची. त्यानं ‘हंगामी कामगार कायम’ एवढंच म्हणायचं, की सगळ्यांनी मूठ वर करून ‘झालेच पाहिजेत!’ असं ओरडायचं. त्यात सर्वांत आधी वर जाई ती युनियनचे पुढारी अजिनाथअण्णा गव्हाणे यांची मूठ. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं.

एवढं ओरडूनही रामहरी हंगामीच राहिला. ऊस संपला की घरी. बेलापूरच्या सासऱ्यानं तर लग्नकार्यात ‘हे आमचे हंगामी जावई’ अशी ओळख करून द्यायचा प्रघातच पाडला होता. पाहुणे हसत, रामहरीही हसे. त्याची बायको छबूबाई मात्र कधी हसली नाही. ‘रिटायर व्हायच्या आत एक दिस तरी कायम व्हा,’ एवढंच तिचं नवऱ्याकडे मागणं होतं.

मग अण्णा आमदार झाले आणि बघता बघता कामगार खात्याचे मंत्री. मिरवणुकीत रामहरी इतका ओरडला की आठ दिवस हळदीचं दूध पीत होता. पण आपला माणूस खुर्चीवर बसला की पंचाईत आपलीच होते. युनियनचा नवा अध्यक्ष कल्याण म्हणाला, ‘आता आपल्याच अण्णांच्या नावानं बोंबलायचं व्हय? लोकं काय म्हनतील?’ झालं, गेटसभा बंद. दर महिन्याला हार घेऊन मुंबईला जायचं आणि ‘सकारात्मक विचार चालू आहे’ ऐकून परत यायचं. कामगारांना कायम करण्याची फाईल दीड वर्ष त्या विचारातच रुतून बसली आणि रामहरीच्या निवृत्तीला उरले अकरा दिवस.

नेमके तेव्हाच अण्णा हंगामाच्या पहिल्या मोळीची पूजा करायला कारखान्यावर आले. भाषणाला उभे राहिले. ‘हंगामी बांधवांच्या प्रश्नाचा शासन सखोल अभ्यास करीत आहे...’

रामहरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अभ्यास? सव्वीस वर्षं हाच प्रश्न तोंडपाठ असलेल्या माणसाला आता अभ्यास कसला डोंबलाचा! कल्याणनं सदरा ओढला तरी तो उठला आणि गरजला, ‘हंगामी कामगार कायम...’

मांडव चिडीचूप. एकाचीही तोंड उघडायची छाती झाली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच रामहरीच्या घोषणेला उत्तर आलं नाही.

तेवढ्यात स्टेजवर एक मूठ वर गेली. ‘झालेच पाहिजेत!’

माईकवरून तो आवाज पार गेटाबाहेरच्या उसाच्या गाड्यांपर्यंत पोचला. ओरडले होते खुद्द मंत्रिमहोदय.

अण्णांनी स्वतःच्या मुठीकडे असं पाहिलं, जणू ती शेजारच्याचीच असावी. चेअरमनच्या हातून पूजेचा नारळ सुटला. आणि मग मांडव असा काही ओरडायला लागला की दीड वर्षाची कसर भरून निघाली. पीए खुणा करकरून थकला. शेवटी अण्णांनी फाईल मागवली. ती गाडीतच होती. प्रत्येक दौऱ्यावर फिरत होती, उघडत मात्र नव्हती. उसाच्या मोळीवर टेकवून त्यांनी सही ठोकली.

खाली उतरून ते रामहरीजवळ आले. रामहरीला बोलायचं होतं, पण तो नावाजलेला घसा ऐन वेळी बसला होता.

‘मंत्री झाल्यापासनं समद्यांनी हारच घातले रे,’ अण्णा म्हणाले. ‘वरडलं कुनीच न्हाई. मला वाटलं, लोकांचं बरं चाललंय. आन् आता तूबी रिटायर. माज्यावर वरडायचं कुनी?’

‘नोकरीतनं रिटायर हुतोय अण्णा, गेटवरनं न्हाई,’ रामहरी कसाबसा म्हणाला. ‘उद्या धाला या. ऊसतोडवाल्यांची सभा हाय.’

अण्णा खुलले. ‘भाषन करू?’

‘न्हाई. म्होरं बसून ऐकायचं.’