राखणदाराची संत्र्याची बाटली

आमच्या कुटुंबात राखणीची बाटली आणायचा मान थोरल्या मुलाचा असतो, आणि मी थोरला आहे यात माझं काही कर्तृत्व नाही. वडिलांचे गुडघे गेले आणि मान माझ्याकडे आला. राखण म्हणजे जिते गावाशेजारच्या आमच्या गावी, खाडीच्या बांधावरच्या राखणदाराला वर्षातून एकदा कोंबडा, नारळ आणि दारू द्यायची. बदल्यात त्याने खारं पाणी भातशेतीत येऊ द्यायचं नाही. व्यवहार सोपा आहे.

त्या वर्षी राखणीच्या आदल्या दिवशी, धाटावच्या कंपनीतली शिफ्ट संपवून मी रोह्यातल्या दुकानावर गेलो, तर शटर खाली. निवडणुकीचा ड्राय डे. (कंपनीत हे सगळ्यांना माहीत होतं. मी सोडून!) घरात एकच बाटली होती. मेव्हण्याने गोव्यातल्या कुठल्याशा छोट्या डिस्टिलरीतून आणलेली. व्हिस्कीच, पण संत्र्याची साल, दालचिनी, लवंग आणि भरपूर मध घातलेली. "कडाक्याच्या थंडीत गरम पाण्यातून घ्या, भावजी," असं त्याने बजावलं होतं. रोह्यात तशी थंडी काही पडेना, म्हणून बाटलीचं सीलही तुटलं नव्हतं. तीच पिशवीत टाकली.

बांधावर भावकीत सगळ्यात थोरल्या असलेल्या भाऊकाकांनी बूच काढलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"यो काय आनलास?"

"व्हिस्की हाय, काका."

"मंग लवंगांचा वास कसा येतंय? राखनदाराला पडसा झालाय काय?"

चुलतभाऊ संजयचा या मानावर लहानपणापासून डोळा. तो म्हणाला, "मी सांगत होतू, बाटली माझ्याकडं द्या."

"काल ड्राय डे होता," मी म्हणालो.

"तो मानसांना," काका म्हणाले.

शेवटी नाइलाजाने त्यांनी दगडावर धार सोडली. नारळ फुटेपर्यंत मुंगळे हजर. आधी ते दगडावर चढले, मग खोबऱ्यावर, मग मांडी घालून बसलेल्या भाऊबंदांवर. गाऱ्हाणं घालता घालता काका एका पायावर उभे राहिले, आणि गाऱ्हाणं तिथेच तुटलं. उरलेली बाटली मात्र "सरबत हाय नुसता" असं म्हणत सगळ्यांनी संपवली.

मग काकांनी निकाल दिला. अमावास्येच्या उधाणात बांध टिकला तर मान माझा. खांड पडली, म्हणजे बांध फुटला, तर संजयचा. म्हणजे गावाचं भात खारं झालं, तर त्याला माझं संत्रं कारण!

राखणदार वगैरे मी मानत नाही, असं मी कंपनीच्या कँटीनमध्ये नेहमी सांगतो. अमावास्येला मी रजा टाकली आणि सकाळपासून बांधावर चिखलाच्या टोपल्या ओतत होतो. मला खरोखर भीती वाटत होती. दुपारी भरती बांधाला भिडली आणि एका जागी पाणी झिरपू लागलं. टोपली भरायला वेळ नव्हता, म्हणून मी तिथे पाठ लावून बसलो. पाणी उतरलं तेव्हा खांड पडलेली नव्हती.

काका काठी टेकत आले. "बघ, राखनदारानं राखला."

"राखनदार कसला," संजय म्हणाला, "योच सकालपासून चिखल टाकतंय."

काकांनी मला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. ओळख पटायला त्यांना जरा वेळ लागला.

"मान याचाच," ते म्हणाले. "बाटली तीच आनायची. आनि उधानाला यानं रजा टाकायची."

तेव्हापासून दरवर्षी संत्र्याची बाटली राखणदार पितो आणि बांध मी राखतो.