डायरेक्ट केलेला फ्यूज

साडेसात व्होल्टने माणसाचं बोट जळू शकतं का?

उत्तर द्यायची घाई करू नका. मी केली होती. माझ्यासमोर टेबलावर एक जुना गेम कन्सोल उघडा पडला होता. काउंटरच्या पलीकडे सुमनवहिनी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "ह्याचा करंट वगैरे नाही ना गं लागायचा?"

"छे हो वहिनी. कंट्रोलरपर्यंत जास्तीत जास्त साडेसात व्होल्ट जातात. त्याने मुंगीसुद्धा मरायची नाही."

वर मी हसलेही.

जयपूरला सी-स्कीम भागात एका बँकेच्या मागच्या गल्लीत आमचं सर्व्हिस सेंटर होतं. टीव्ही, डीव्हीडी प्लेयर, व्हिडिओ गेम, जे बंद पडेल ते आमच्याकडे यायचं. मालक खंडेलवालजी काउंटरवर बसायचे आणि बेंचवर मी. वडिलांची विमा कंपनीतून नागपूरहून बदली झाली, म्हणून आम्ही इथे आलो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा हातात होता आणि बेंचवर मुलगी बसलेली पाहून गिऱ्हाईक आधी दचकायचं. सुमनवहिनी दचकल्या नाहीत. आमची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीतली. त्यांचे मिस्टर हवालदार संभाजी कदम, गाव साताऱ्याकडे, राहणं छावणीतल्या क्वार्टरमध्ये.

हा कन्सोल त्यांनी आधी झोटवाड्यात एका दुकानात दाखवला होता. तिथला माणूस न उघडताच म्हणाला, बोर्ड गया. मग दोन बस बदलून त्या माझ्याकडे आल्या. "म्हटलं, आपलं माणूस आहे. खरं काय ते सांगेल."

मी म्हटलं, "मुलं फार खेळतात वाटतं."

"मुलं कुठली! ह्यांचं औषध आहे ते."

झालं होतं असं. बस्सीजवळ आग्रा रोडवर लष्कराची गाडी उलटली आणि हवालदारांचा उजवा कोपर दबला. हाड जुळलं, पण कोपरातली नस गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. मूठ वळेना. फिजिओथेरपिस्टने बोटांचे व्यायाम दिले. ते कंटाळवाणे, म्हणून कुणीतरी सुचवलं की व्हिडिओ गेम खेळा, बोटं आपोआप हलतील. शेजाऱ्याकडून जुना कन्सोल आणला. नव्या पिढीची मशीन बाजारात येऊन काही वर्षं झाली होती, जुनं सहज मिळायचं. आणि खरंच फरक पडला. दोन महिन्यांत मूठ अर्धी वळायला लागली. पुढे सहा आठवड्यांनी मेडिकल बोर्ड होतं. म्हणजे डॉक्टरांचं पॅनेल हात तपासणार आणि जवान नोकरीत राहणार की घरी जाणार ते ठरवणार. अठरा वर्षांची नोकरी त्या मुठीवर होती. आणि नेमका कन्सोल बंद.

बंद म्हणजे काय, ते सांगते. मशीन चालू होत होतं. दिवा लागत होता, डिस्क फिरत होती, टीव्हीवर चित्र येत होतं. पण कंट्रोलर, म्हणजे खेळताना हातात धरायचा बटणांचा भाग, जोडला आहे हेच त्याला कळत नव्हतं. कंट्रोलर जिथे खोचतो त्या खाचेला पोर्ट म्हणतात. या मशीनला दोन पोर्ट असतात. एकच मेला असेल तर बहुतेक वेळा धूळ, वाकलेली पिन किंवा सुटलेला टाका निघतो. दोन्ही एकदम मेले तर पिना बघत बसायचं नाही. दोघांना जिथून वीज मिळते तिथे जायचं.

मी दुकानातला कंट्रोलर लावून बघितला. पहिला पोर्ट मेलेला, दुसराही. मल्टिमीटर लावला. पिनेवर शून्य. तिथून बोर्डावर मागे सरकत गेले. पोर्टच्या मागे तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान असे दोन चिप फ्यूज होते. एक बटणांच्या पुरवठ्याचा. दुसरा कंट्रोलरच्या मुठीत थरथरणारी मोटर असते तिच्या पुरवठ्याचा, तो साडेसात व्होल्टचा. दोन्हींच्या अलीकडे वीज होती, पलीकडे नव्हती. दोन्ही उडालेले. वीस मिनिटांत निदान झालं. बोर्ड ठणठणीत होता. झोटवाड्याच्या माणसाला चार शब्द सुनवावेत, इतका मला आनंद झाला.

इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा होता. फ्यूज आपणहून मरत नाही. पलीकडे काहीतरी जास्त वीज ओढतं, ती वाट तोडण्यासाठी तो स्वतः जळतो. म्हणून उडालेला फ्यूज दिसला की आधी विचारायचं, कुणामुळे उडाला? वहिनींनी फक्त मशीन आणलं होतं. कंट्रोलर घरीच होता. मी तो मागितला नाही.

"खंडेलवालजी, चिप फ्यूज लागतील. दोन."

"दिल्लीहून येतील. आठ-दहा दिवस. डायरेक्ट कर दो."

डायरेक्ट करणं हा आमच्या बाजारातला रोजचा शब्द. उडालेल्या फ्यूजच्या दोन टोकांवर तांब्याची एक तार टाकायची आणि झाळायची, म्हणजे सोल्डर करायची. फ्यूजच्या जागी नुसता रस्ता. मशीन तत्काळ चालू. इस्त्री असो, स्टॅबिलायझर असो, टीव्ही असो, अर्धं जयपूर असंच चालत होतं.

"दुसरा मार्ग आहे," मी म्हटलं. "काचेचा साधा फ्यूज दोन वायरींवर बाहेर काढून लावते. अर्धा-पाऊण तास लागेल."

"वर्षा मैडम, खिलौना है ये. अस्पताल का मशीन नहीं है. मागे सहा टीव्ही पडलेत, ते कोण करणार, मी?"

वहिनी म्हणाल्या, "आठ दिवस नको गं. त्यांचा एक दिवस गेला तरी चिडचिड करतात. आज होत असेल तर आजच दे."

मालकाला आज हवं होतं, गिऱ्हाइकाला आज हवं होतं. मी वायरीतून दोन बारीक तारा सोलल्या, झाळल्या, दुकानाचा कंट्रोलर लावला. दोन्ही पोर्ट चालू. जॉब कार्डवर लिहिलं, 'पोर्ट रिपेअर, टेस्टिंग ओके'. खाली सही.

वहिनी निघताना म्हणाल्या, "आता परत नाही ना बिघडायचं?"

"आता फ्यूज उडायचा प्रश्नच नाही," मी म्हटलं. ते अक्षरशः खरं होतं.

तीन आठवड्यांनी दोघं आले. हवालदारांना मी प्रथमच पाहत होते. उंच, ताठ, मिशा कापलेल्या. उजव्या हाताला मनगटापर्यंत बँडेज. वहिनींनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता बाजूला उभ्या राहिल्या.

"ताई, तुमीच का वर्षा?" हवालदार म्हणाले. "मशीन लई झ्याक चाललं बघा. पोरगं रोज हरवायचं मला. त्या दिवशी पयल्यांदाच म्होरं होतो. म्हटलं, आज काय सोडत न्हाई."

पिशवीतून त्यांनी डाव्या हाताने कंट्रोलर काढला. तो मी तेव्हा पाहिला. युनिटमधल्या त्यांच्या एका दोस्ताने तो बनवला होता. साधा कंट्रोलर लाकडी मुठीवर बसवला होता, भोवती फोम, आणि हात सुटू नये म्हणून वर पट्टा. वायर मुठीच्या आतून गेलेली. प्रेमाने केलेलं काम होतं. कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. फक्त आत, करंगळीखाली वायर जिथे वळत होती, तिथे लाकडाची एक धार राहिली होती. रोजच्या ओढाताणीत त्या धारेने वायरीचं आवरण कापलं होतं.

आधीचे फ्यूज त्यामुळेच उडाले होते. ते दोन दाणे आपलं काम करून मेले होते. आणि मी त्यांच्या जागी तारा बसवल्या होत्या.

वायरी पूर्ण चिकटल्या असत्या तर मशीन बंद पडलं असतं. त्या अर्धवट चिकटल्या. एकदोन बारीक धागे एकमेकांना टेकले, त्यांतून नको तेवढी वीज वाहत राहिली आणि धागे तापून लाल झाले. फ्यूज असता तर क्षणात उडाला असता. साडेसात व्होल्टचा झटका बसत नाही, हे खरंच आहे. पण तापलेली तार किती व्होल्टची आहे, हे कातडीला समजत नाही.

"मग हात काढला नाहीत?" मी विचारलं. तोंडातून शब्द गेल्यावर मला कळलं, मी काय विचारलं ते.

"कळाय पायजे ना ताई. त्या बोटांना काय बी कळत न्हाई."

वहिनी पहिल्यांदा बोलल्या. "मला आत वास आला. मला वाटलं दूध उतू गेलं. गॅस बघून आले, दूध जागच्या जागी. बाहेर आले तर ह्यांच्या मुठीतनं धूर, आणि हे टीव्हीकडे बघून हसतायत."

करंगळीची दोन पेरं काढावी लागली होती. शेजारच्या बोटाचं अजून ठरायचं होतं. मेडिकल बोर्ड तीन आठवड्यांवर आलं होतं.

खंडेलवालजींनी कंट्रोलर हातात फिरवला. "ये तो घर का बनाया हुआ है, फौजी साहब. आमची काय जबाबदारी? आमचं मशीन ओके गेलं होतं. कार्ड आहे."

"भांडाया न्हाई आलो शेटजी," हवालदार शांतपणे म्हणाले. "पैसं बी नकोत. इस्पितळाच्या कागदावर लिवलंय, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे भाजले. अठरा वर्सं झाली नोकरीला. एक शेरा न्हाई माझ्या कागदावर. ह्यो पयला. त्यो खरा असंल तर ऱ्हाऊ द्या. खरा हाय का, येवढं सांगा."

खंडेलवालजींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. आवाज हळू. "दिल्लीहून मागवलेले फ्यूज आलेत ना? मशीन बघायला घे आणि लावून टाक. तार काढ. मग त्यांना सांग, सगळं ठीक आहे, दोष कंट्रोलरचा."

"तार मी टाकली होती."

"मैंने बोला था, तूने डाली. दोघंही मरू. समझी? तू काही लिहून दिलंस तर उद्यापासून येऊ नको."

आमच्या घरी वडिलांच्या युनियनची पत्रकं येत. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. त्यांत मालक नेहमी दोषी असतो आणि कामगाराचे हात स्वच्छ असतात. त्या खोलीत मला हे सोयीचं वाटलं, हे कबूल करते. मालकाने सांगितलं, मी केलं, विषय संपला. पण झाळणी माझ्या हातात होती. काचेचा फ्यूज लावता येतो, हे मालकाला नाही, मला माहीत होतं. कंट्रोलर मागवायला हवा होता, हेही मलाच माहीत होतं. मालकाचा गुन्हा आहेच. त्याच्या सावलीत मला लपता येणार नव्हतं.

मी बाहेर आले. दोघांच्या समोर पिशवीतून मशीन घेतलं, स्क्रू काढले, बोर्ड फिरवला आणि भिंग हवालदारांच्या डाव्या हातात दिलं.

"ह्या दोन तारा दिसतात? इथे फ्यूज हवे होते. ते असते तर तुमचं बोट वाचलं असतं. ह्या मी लावल्या."

त्यांनी वाकून दोन्ही तारा बघितल्या. मग भिंग वहिनींना दिलं. वहिनींनी बघितलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"तू मराठीत सांगितलंस म्हणून मी परत विचारलं नाही गं," त्या म्हणाल्या.

मी बेंचवर बसले आणि दुकानाच्या जॉब कार्डवर लिहिलं. पोर्ट का बंद होते, फ्यूज का उडाले, त्यांच्या जागी काय टाकलं, कुणी टाकलं, कंट्रोलर न तपासता मशीन दिलं. शेवटी लिहिलं की ज्याच्या बोटांना संवेदना नाही त्याला हा धोका कळणं शक्य नव्हतं, निष्काळजीपणा त्याचा नाही. सही केली. खंडेलवालजींनी ते कार्ड ओढायला हात पुढे केला. हवालदारांनी ते डाव्या हाताने घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, "शेटजी, ऱ्हाऊ द्या." बस, एवढंच. खंडेलवालजींनी हात मागे घेतला.

माझी नोकरी त्याच संध्याकाळी संपली.

जाण्याआधी मी जुनी जॉब कार्डं काढून बसले. माझ्या अक्षरात 'ओके' लिहिलेली, ज्यांत मी फ्यूज डायरेक्ट केला होता ती. जेवढे फोन नंबर उतरवता आले तेवढे उतरवले आणि पुढचे तीन दिवस घरून फोन केले. बहुतेकांचं उत्तर एकच. चल रहा है ना मैडम, छोड़ो. एका बाईंनी विचारलं, तुम्हाला हे आत्ताच कसं आठवलं? फक्त दोघांनी मशीन आणून दाखवलं. त्यांना मी फ्यूज घालून दिले.

दीड महिन्याने वहिनींचा फोन आला. चौकशी झाली, कार्ड फाइलला लागलं, 'निष्काळजीपणा' हा शब्द खोडला गेला. दुसरं बोट वाचलं, पण ते आता वाकत नाही. मेडिकल बोर्डाने त्यांना नोकरीसाठी अयोग्य ठरवलं. सामान बांधून झालं होतं, गावी निघाले होते. हवालदार फोनवर आले नाहीत. वहिनींनी माझी चौकशी केली नाही आणि मी ती अपेक्षिलीही नव्हती.

मी आजही दुरुस्तीचंच काम करते. धडा म्हणाल तर कोरडा आहे. बंद पडलेलं मशीन म्हणजे नेहमीच बिघडलेलं मशीन नसतं. कधी कधी कुणाला तरी वाचवण्यासाठीच ते बंद पडलेलं असतं, आणि आम्ही कारागीर त्याला घाईने जबरदस्तीने चालू करतो. डायरेक्ट करणारा कारागीर राक्षस नसतो. बहुतेक वेळा तो तुमच्यासारखाच घाईत असतो. त्याची ती घाई आपणच रोज काउंटरवर उभे राहून वाढवतो.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते आजच करायचं आहे. घरातली जी वस्तू गेल्या वर्षभरात दुरुस्त होऊन आली, इस्त्री, मिक्सर, स्टॅबिलायझर, मुलांचा गेम, काहीही, तिचा प्लग आत्ता काढा. ज्याच्याकडून दुरुस्त केली त्याच्याकडे घेऊन जा. विचारा, फ्यूज घातलाय की डायरेक्ट केलंय? तोंडी उत्तर घेऊ नका, ते मराठीत असलं तरी. झाकण उघडायला सांगा, आणि फ्यूज डोळ्यांनी बघेपर्यंत काउंटर सोडू नका.