कोऱ्या अंगणाची सकाळ

चाळिशीतली मी मोठी शहाणी होते. माझा एकच कायदा होता. उजाडायच्या आत अंगणात सडा-रांगोळी झालीच पाहिजे, आणि तीही समोर राहणाऱ्या धाकट्या जावेच्या आधी. नाही झाली तर बाई म्हणून मी फुकट. तिच्या दाराची कडी पाचला वाजली की दुसऱ्या दिवशी मी पावणेपाचला उठणार. शेवटी शेवटी तर कोंबड्याला मीच उठवत होते.

पुढं छातीत धडधडायला लागलं. ठिपके वाकडे पडायचे, ते पुसून मी रडत बसायचे. शिरूरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. हृदय ठणठणीत. त्यांनी दौंडला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. मनात म्हटलं, हिला शेणसडा तरी टाकता येतो का? त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, जावेनं एक दिवस रांगोळी घातली नाही तर ती तुमच्या लेखी फुकट का? छे, मी म्हटलं, ताप आला असेल बिचारीला.

"मग सजा तुम्हालाच का, काकू?"

चार-सहा खेपा झाल्यावर त्यांनी काम दिलं. एक दिवस रांगोळी घालायची नाही. नुसतं ओट्यावर बसायचं आणि भीती काय करते ते बघायचं.

बसले, हात मांडीखाली दाबून, चोरासारखी. धडधड चढत गेली. वाटलं, संपले. आणि मग, मी काहीएक केलं नसताना, ती उतरायला लागली. घोडनदीचा पूर उतरतो तशी, आपलीआपण. मान वर झाली. उसाच्या तुऱ्यांवर उजेड येत होता, बगळे नदीकडं निघाले होते. इतकी वर्षं मी याच वेळेला जागी होते, आणि बघत होते फक्त जमीन.

इतक्यात जाऊ डोळे चोळत दारात आली. माझं कोरं अंगण बघून धावतच आली.

"आक्का, बरं न्हाई का?"

"बरी हाय. आज न्हाई घातली."

ती शेजारी टेकली.

"तुमच्या बादलीचा आवाज आला की मी धडपडत उठती. तुम्ही नावं ठेवाल म्हणून. आज आवाजच न्हाई, डोळा उघडला तर उजाडलेलं."

सूर्य पुरता वर आला. दोन्ही अंगणं कोरी, आणि आम्ही दोघी जिवंत.