पाच तारखेचं पाणी

माझी पीएच.डी. झाली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात शेजारची एक काकू दुखरा गुडघा घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसली. नावाआधी डॉक्टर लागला म्हणजे हा औषध देणारच, असं तिनं सरळ धरलेलं. मी म्हणालो, "काकू, मी पाण्यातल्या किड्यायचा डॉक्टर आहो." ती हसली, मीही हसलो. या सगळ्या प्रकरणात हसण्यासारखं एवढंच आहे, म्हणून आधी सांगून टाकलं.

पाण्यातले किडे हा माझा विषय खराच. आमचं गाव आसगावजवळ, धानाचं. गावाला लागून जुना तलाव आहे. त्याच्या पाण्यात तरंगणारे बारीक जीव, ज्यांना पुस्तकात प्राणी-प्लवक म्हणतात, ते दोन वर्षं दर महिन्याला मोजायचे आणि त्यांच्यावरून तलावाची तब्येत सांगायची, असं माझं संशोधन. मासोळीची पिल्लं यांच्यावरच वाढतात. त्यातल्या त्यात मोठा म्हणजे डॅफ्निया. तोही तिळाहून लहान, आणि बाकीचे तर सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसतही नाहीत. नमुना घ्यायचा नियम सोपा होता. महिन्याची पाच तारीख, सकाळी सात, एकच घाट, पाच लिटरचा डबा, आणि म्हशी पाण्यात उतरायच्या आत.

पहिलं वर्ष मी पवनीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो आणि घरीच राहत होतो. रोजचाच तलाव, त्यामुळे काही अडलं नाही. मग तुमसरला जागा मिळाली. मुलाखतीतच बजावलं होतं की ठरलेल्या मुदतीत पीएच.डी. झाली तरच कायम करू. माझी पस्तिशी उलटलेली. ही जागा गेली असती तर पुन्हा तासिकांच्या रांगेत उभं राहायचं, पोरांच्या वयाच्या उमेदवारांसोबत. पदवी मला मिरवायला नको होती, पोट भरायला पाहिजे होती.

पण तुमसरहून सकाळी सातला तलावावर पोचणार कसा? बाबा म्हणाले, "मी भरून देतो ना, बाबू. त्यात का आहे?"

बाबा सातवी शिकलेले. मी त्यांना घाटावर नेलं. डबा किती खोल बुडवायचा, तोंड कोणीकडे ठेवायचं, जीव टिकावेत म्हणून आयोडिनचे थेंब किती टाकायचे, सगळं दाखवलं. त्यांनी दोनदा करून दाखवलं आणि तिसऱ्यांदा मलाच टोकलं, "थेंब मोज ना बे, गप्पा काहून करून राहिला?" भरलेला डबा ते पवनीला नेऊन एसटीच्या ड्रायव्हरजवळ देत आणि संध्याकाळी मी तो भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरवून घेई. एक महिना चुकला नाही. धो धो पावसातही नाही. डब्याला रबरानं बांधलेली एक चिठ्ठी असायची, पेन्सिलनं लिहिलेली. "पाणी एक पायरी उतरलं." "आज बगळे लय होते." "शिंगाड्याचा वेल घाटापर्यंत आला." मी वाचून हसायचो आणि चिठ्ठी डब्याच्या पिशवीतच ठेवायचो.

दुसऱ्या वर्षीच्या पहिल्याच डब्यापासून माझे आकडे पडायला लागले. सूक्ष्मदर्शकाखाली जिथं पहिल्या वर्षी डॅफ्नियांची जत्रा असायची तिथं आता एखाददुसरा. मोठे जीव जवळजवळ गेलेले, अगदी बारीक तेवढे थोडे उरलेले. मी आधी घाबरलो, मग खूश झालो. संशोधकाची जात अशीच असते, तलाव मेला तरी चालेल पण काहीतरी सापडलं पाहिजे. धानावर फवारलेलं औषध पाण्यातून तलावात येतं आणि मोठे जीव आधी मरतात, असं एक छान उत्तर मी तयार केलं. माझे मार्गदर्शक सर तर खुर्चीतून उठलेच. "अहो, हे फाइंडिंग आहे!" नागपूरच्या एका परिषदेत मी निबंध वाचला. टाळ्या पडल्या. मी बाबांना फोन केला की तुमच्या पाण्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते म्हणाले, "मंग? चांगलंच भरतो मी."

अकरावा महिना. धानाची कापणी चाललेली आणि पाच तारीख नेमकी रविवारी आली. मी आदल्या दिवशीच घरी गेलो होतो. सकाळी बाबा निघून गेले आणि मी चहा घेऊन मागून गेलो. तलावाच्या पाळीवर चढलो तर बाबा खाली घाटावर उकिडवे बसलेले. ढिवर लोक जाळी झटकत होते. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, घडी घातली, डब्याच्या तोंडावर ताणून धरला आणि तांब्यानं तलावाचं पाणी त्यावरून ओतायला लागले. हळूहळू, सांडू न देता.

मी धावत खाली आलो. "बाबा, हे का करून राहिले तुमी?"

"गाळून भरतो ना," ते म्हणाले. "दर महिन्याले. असं कचऱ्याचं पाणी कोणाले द्याचं काय, बाबू? कॉलेजात चाललं ते."

आमच्या घरी पाणी गाळल्याशिवाय माठात पडत नाही. पाहुण्याला द्यायचं तर पुन्हा एकदा गाळतात. मी त्याच घरात वाढलो. मी त्यांना डब्याचं तोंड कोणीकडे ठेवायचं हे सांगितलं आणि गाळू नका हे सांगायचं राहिलं, कारण ते सांगावं लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन पुस्तकं शिकलो आणि आपल्या घरचा माठ विसरलो. हे मला आज कळतं. त्या सकाळी मात्र मला फक्त माझे अकरा महिने दिसत होते.

मी ओरडलो. "मले तो कचराच पाह्यजे होता! त्याच कचऱ्याचा अभ्यास करून राहिलो ना मी! माती केली तुमी माह्या कामाची. नोकरी जाईन आता माही. तुमाले कोणी सांगतलं होतं हुशारी कराले? अडाणी ते अडाणीच राहिले!"

ढिवरांचे हात थांबले. गावात बाबांना कोणी अरे-तुरे करत नसे. बाबांनी दुपट्टा पाण्यात खळखळून धुतला, पिळला, खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "आता दुरुस्त कराले किती दिवस लागन?"

"एक वर्ष!"

"भरू ना मंग. न गाळता भरतो."

"तुमी हात नोका लावू," मी म्हणालो. "माहं मी पाहीन."

घरी येऊन मी त्या दिवशीच्या डब्यातलं पाणी सांडलं. तुमसरच्या खोलीवर गेल्यावर डबे, बाटल्या, पिशव्या, सगळं कचऱ्यात. चिठ्ठ्या त्यातच गेल्या. त्या वेळी मला त्यांची आठवणसुद्धा झाली नाही.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "राहू द्या ना आता. कोण पाहते?" मी नाही म्हणालो. परिषदेला पत्र लिहून माझा निबंध मागे घेतला. कॉलेजात हातापाया पडून मुदत वाढवून घेतली. खोटा आकडा मी ठेवणार नाही, याचा मला तेव्हा केवढा गर्व होता! आकड्यांशी इतका खरा वागणारा माणूस बापाशी कसा वागत होता, ते मात्र मला दिसत नव्हतं.

मग वर्षभर मी दर चार तारखेला संध्याकाळी गावी यायचो आणि पाचला सकाळी डबा भरून परत. घरी जेवायचो, आईशी बोलायचो. बाबांशी कामापुरतं. "धान गेला काय मंडीत?" "गेला." एवढंच. पाच तारखेला मी घाटावर उतरलो की थोड्या वेळानं बाबा पाळीवर येऊन उभे राहायचे. खाली यायचे नाहीत. मी डबा बंद करून वर येईपर्यंत थांबायचे आणि माझ्या पुढे चालत घरी जायचे. मला ते दिसायचे. या ना खाली, एवढं म्हणायला मला काय झालं होतं? माझा राग तर दोन-तीन महिन्यांतच गेला होता. पुढे नुसती लाज होती, आणि लाजेनं तोंड उघडत नाही. पुढच्या महिन्यात बोलू, असं करत मी महिने ढकलले.

दहावा महिना भाद्रपदातला. एक तारखेला सकाळी आईचा फोन आला. बाबा चहा पिऊन अंगणात खाटेवर बसले होते, बसल्या जागीच गेले. मी पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं.

चार दिवसांनी पाच तारीख आली. डोक्याचं मुंडण केलेला मी डबा घेऊन निघालो तेव्हा काका म्हणाला, "आजच्या दिवशी तरी राहू दे, बापा." आईनं त्याला हातानंच गप्प केलं. मी गेलो. पाणी भरलं. थेंब मोजताना दोनदा चुकलो. वर पाळीवर कोणी नव्हतं.

एक म्हातारा ढिवर जाळं बाजूला ठेवून माझ्याजवळ आला. मी बाबांवर ओरडलो त्या सकाळीही तो तिथं होता. म्हणाला, "तुमचे बाबा येत होते जी इथं. तुमी गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. काचेचा गिलास आणत. पाणी घेत आन उन्हात धरून पाहात बसत. मले म्हणत, तुले दिसते का रे काही? माह्या पोराले याच्यात जीव दिसतेत, मले काहून नाही दिसत? मी म्हणो, मालक, मलेही नाही दिसत. तं म्हणत, थांब, दिसन."

मी तिथंच घाटाच्या पायरीवर बसलो. माझ्याजवळ तुमसरच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक होता. बाबा हयातीत दोनदा तुमसरला धान घेऊन आले होते. कॉलेजपासून बाजार पायी दहा मिनिटांवर. मी त्यांना कधी आत बोलावलं नाही, त्या नळीला डोळा लावून पाहा म्हटलं नाही. पाच मिनिटांचं काम होतं. नाही केलं मी.

उरलेले दोन महिने पूर्ण केले. आकडे पहिल्या वर्षासारखेच आले. तलावाला काही झालं नव्हतं, डॅफ्निया होते तिथंच होते. प्रबंध साधाच झाला, फाइंडिंग वगैरे काही नाही. पद्धतीच्या प्रकरणात मी लिहिलं, "सर्व नमुने संशोधकाने स्वतः गोळा केले." नियमाला धरून ते खरंच होतं. बाबांचं वर्ष प्रबंधात कुठंही नव्हतं. आभाराच्या पानावर सर, प्राचार्य, ग्रंथालय, आणि "आईवडिलांचे आशीर्वाद", सगळे लिहितात तसं.

व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, सर्वांसाठी खुली असते. आईला मी मुद्दाम नेलं. ती मागच्या ओळीत बसली होती, पदर नीट घेऊन, हातात पिशवी घट्ट धरून. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, बोलायला मऊ. माझे तक्ते पाहून म्हणाले, "एकही महिना चुकलेला नाही. अशी शिस्त कमी दिसते. तुम्ही नोकरी तुमसरला करता, तलाव पवनीकडे. हे जमवलं कसं? गावातल्या कोणाची मदत झाली असेल ना?"

त्यांनी अगदी सहज विचारलं होतं. दार उघडून दिलं होतं म्हणा ना. सांगितलं असतं तर कोणतंही वर्ष रद्द होणार नव्हतं, उलट त्यांनाही बरं वाटलं असतं. पण गाळलेलं पाणी, मागे घेतलेला निबंध, हे सगळं आता यांच्यासमोर निघणार, एवढंच माझ्या मनात आलं.

मी म्हणालो, "नाही सर. मी एकट्यानंच केलं."

टाळ्या झाल्या. पेढे वाटले, मला हार घातला. सरांनी आईला नमस्कार केला. परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली. भंडाऱ्यापर्यंत ती डोळे मिटून बसली होती. मला वाटलं थकली असेल. पवनीची बस लागली, आम्ही चढलो, बस निघाली, तेव्हा तिनं विचारलं, "बाबानं वर्षभर पाणी भरलं. ते काहून नाही सांगतलं तू?"

"ते पाणी कामाचं नव्हतं, आई. फेकावं लागलं ते."

"पाणी नसन कामाचं," ती म्हणाली. "बाबा तं होते ना."

ती रागावून बोलली नव्हती. मला समजत नसेल म्हणून सांगितलं, एवढंच. बाबा गेले तेव्हा मी रडलो नव्हतो, लोक म्हणाले पोरगा खंबीर आहे. त्या दिवशी भरल्या बसमध्ये, तो हार अजून पिशवीत असताना, मी पोरासारखा रडलो. आईनं पाठीवर हात ठेवला नाही. ती खिडकीतून बाहेर पाहत राहिली आणि मला त्यात काही चूक वाटली नाही.