कागदाला लावलेलं तेल

माझी जुनी पेट्रोल गाडी धावताना कधी बंद पडली नाही. बंद पडायची ती थांबल्यावर. सिग्नल लाल झाला, पाय रेसवरून उचलला की इंजिन दोनदा थरथरायचं आणि गप्प.

दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. लासूर स्टेशनजवळच्या आमच्या गावात टँकर आला तर आला. आईचे गुडघे गेलेले, हंडा घेऊन रांगेत उभं राहणं तिला जमेना. शहरात, गारखेड्यात, माझ्या नळालाही आठवड्यातून एकदाच पाणी, पण इमारतीच्या बोअरला थोडं होतं. आईवडील दोघांनी पाऊस पडेपर्यंत माझ्याकडं येऊन राहावं, एवढंच माझं म्हणणं. गाडी घेतली ती त्यासाठीच. घराण्यातली पहिली पदवी माझी, पहिली चारचाकीही माझीच. हे मी कुणी न विचारताही सांगायचो.

आबा, म्हणजे माझे वडील, गावात पिठाची चक्की चालवायचे. एकदा बाजाराला शहरात आले तेव्हा मोठ्या कौतुकानं त्यांना गाडीत बसवलं. जालना रोडवर रस्त्याचं काम चाललेलं, सगळी वाहनं एका पट्टीत अडकलेली. तिथं गाडी दोनदा बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता गोंगाट. आबा उतरले, धोतर खोचलं आणि गाडीला खांदा लावला. घरी पोचल्यावर चहाही घेतला नाही.

"मी एष्टीनं जातो. आन तुझ्या आईला हिच्यात घालायचं नाय."

झालं. आता गाडी सुधारल्याशिवाय आई येणार नव्हती.

मी तीन मेकॅनिक केले. पहिल्यानं एक स्क्रू पिळला. "साब, रेस बढा दिया मैं. अब बंद हुई तो बोलना." दुसऱ्यानं तोच स्क्रू आणखी पिळला. तिसऱ्यानंही. गाडी उभ्या जागी ट्रॅक्टरसारखी ओरडायला लागली, आणि तरीही एसी लावला की मरायची. पैसे देऊन तीनदा तोच स्क्रू! चिडून मी गाडीचं जाडजूड पुस्तक मागवलं आणि परीक्षेसारखं वाचलं.

गोष्ट साधी होती. पाय उचलला की हवेची मोठी झडप मिटते. पण उभ्या इंजिनालाही श्वास लागतो. त्यासाठी शेजारून एक बारीक वाट असते आणि तिच्या तोंडाशी बोटाएवढी मोटर. तिचं टोक मागंपुढं सरकून वाट कमीजास्त उघडतं. एसी लावला, बोजा वाढला, की गाडीतला कॉम्प्युटर तिला सांगतो, जरा जास्त उघड. टोकावर काजळी चिकटली की ते हलत नाही आणि इंजिन गुदमरतं. आणि तो स्क्रू पिळला की झडप मिटतच नाही, मग कॉम्प्युटरला वाटतं, पाय अजून रेसवर आहे. तो मोटरला काही सांगतच नाही.

नवी मोटर बसवली, स्क्रू अंदाजानं मागं फिरवला. महिनाभर गाडी शहाण्यासारखी वागली. मग पुन्हा तेच, आणि वैतागून मीही तोच स्क्रू पिळला.

त्या रविवारी मी तशीच गाडी घेऊन गावाला गेलो, प्रत्येक सिग्नलला एक पाय ब्रेकवर, एक रेसवर. आबा चक्कीच्या दारात उभे. आलास का, बस का, काही नाही.

"उघड तिला. हवा कुठून घेती ही?"

मी फिल्टरचा डबा उघडला. त्यांनी आतला कागदी फिल्टर काढून बोट फिरवलं. बोट काळं, चिकट.

"ह्ये काय?"

"तेल. धूळ किती असती शहरात! टँकर पळतेत, रस्ते उकरलेले. तुम्ही चक्कीच्या इंजिनाला लावायचे ना, तसं. दर पंधरा दिवसाला लावतो मी."

आबांनी ते बोट माझ्यासमोर धरलं. "आरं, त्याला लोखंडी जाळी व्हती, खाली तेलाची वाटी. तेल वाटीत ऱ्हायचं, इंजिनात नाय. ह्यो तर कागद हाय. तूच ना बीयेस्सी झालेला?"

"व्हय."

शेजारचा एक पीठ न्यायला आलेला म्हातारा खो खो हसला. मला रडू यायचं बाकी होतं. चार महिने मी स्वतःच इंजिनाला, त्या मोटरच्या टोकाला, तेल-धूळ चारत होतो आणि मेकॅनिकना अडाणी म्हणत होतो. त्यांच्यापैकी एकालाही तेलाचं सांगितलं नव्हतं. मीच हुशार ना!

स्टेशनवरच्या दुकानातून नवा कागद आणला. दातांच्या जुन्या ब्रशनं, पेट्रोल लावून मोटरचं टोक मी घासलं, आबांनी झडप पुसली. स्क्रूवर कंपनीचा पिवळ्या रंगाचा ठिपका अर्धा शिल्लक होता. तो जुळवून स्क्रू मी जागेवर आणला. हे आबांना माहीत नव्हतं, मला होतं. तेवढंच.

संध्याकाळी आई मागं बसली, मांडीवर पिठाचा डबा. आबा पुढं. शहरात शिरताना नगर नाक्याला सिग्नल लाल झाला. मी पाय उचलला आणि मुद्दाम एसी लावला. इंजिन खाली गेलं, थरथरलं, सावरलं. संथ चालू राहिलं.

"बघा आबा," मी म्हणालो.

आबांचा एक हात दाराच्या कडीवर होता, दुसऱ्यानं त्यांनी धोतर आधीच खोचून ठेवलं होतं. गारखेड्यापर्यंत ते तसंच राहिलं.