मेहुण्यांच्या गाडीतले कप्पे

जगातली प्रत्येक वस्तू चुकीच्या जागी पडली आहे आणि ती योग्य जागी ठेवण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला. ते म्हणजे माझ्या बायकोचे थोरले बंधू. कळंबला राहतात आणि आसपासच्या गावांतल्या विहिरी-बोअरच्या मोटारी दुरुस्त करतात. सहा फूट उंच, सदा खांद्यावर टॉवेल. एकदा भूमला एका लग्नात मांडवाबाहेर चपलांचा ढीग बघून त्यांना राहवलं नाही. अक्षता पडेपर्यंत त्यांनी सगळ्या चपला मापाप्रमाणं लावून टाकल्या. जेवून बाहेर आलेल्या माणसाला आपली चप्पल कुठं काढली ते आठवत होतं, पण तिचं माप काही आठवत नव्हतं. पाहुणे मंडळी अर्धा तास अनवाणी फिरत होती आणि आमचे मेहुणे अभिमानानं सांगत होते, "आठ नंबर तिकडं, खांबापशी!"

अशा माणसाचं दुकान मात्र वर्षानुवर्षं चार पोत्यांत होतं. एक वॉशर हवा असला की पोतं उपडं करायचं. शेवटी त्यांनी उंच टपाची एक जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यात कप्पे करायचं ठरवलं. मी दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा अंगणात खडूनं एक मोठा चौकोन आखलेला होता, मधोमध स्टुलावर मेहुणे डोळे मिटून बसलेले, आणि हवेत हात लांबवून काहीतरी उचलत होते. मी सरळ त्यांच्याकडं निघालो तर ओरडले, "दाजी, दारातून या! तुमी पत्रा फोडून आलाव!" मी मुकाट्यानं मागं फिरून खडूच्या दारातून आत गेलो. स्वयंपाकघरातून वहिनींनी विचारलं, "अवं, चहा गाडीत देऊ का घरात?" हे दोन दिवस चाललं होतं म्हणे. वहिनींचा आवाज ऐकून मला ते पटलं.

मग लोखंडी अँगल आले, प्लायवूड आलं, वेल्डिंग झालं. पहिल्यांदा केलेले कप्पे जळकोटच्या रस्त्यावर एका गतिरोधकानं मोकळे केले. सगळा माल पुढच्या काचेपर्यंत आला. मेहुणे खचले नाहीत. त्यांनी प्रत्येक कप्प्याला पुढून पट्टी मारली, आतून जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलं. गिऱ्हाइकांनी प्रेमानं दिलेल्या पेढ्यांचे रिकामे डबे धुऊन त्यांत नटबोल्ट भरले. मग वरच्या कप्प्यात पाण्यानं भरलेला पेला ठेवून गावाला चक्कर मारली. पेला अर्धा सांडला, म्हणून सगळं पुन्हा खोललं. शेवटी जमलं तेव्हा त्यांनी मला पेला दाखवला, आणि तो मी पिऊन टाकला म्हणून दिवसभर बोलले नाहीत. कप्प्यातला एक पाईप मी दोन बोटं सरकवला होता, तेव्हा तर म्हणाले, "दाजी, तुमी मास्तर हाव, मान्य. पर ह्या गाडीत तुमी पहिलीतलं पोरगं."

पुढच्या उन्हाळ्यात एका विहिरीच्या काठावरून ते घसरले आणि उजवा हात मोडला. बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर आणि गळ्यात झोळी. नेमके ऐन मे महिन्याचे दिवस. मोटार बंद पडली की गोठ्यातल्या जनावरांपासून चुलीपर्यंत सगळं थांबतं. फोन वाजत राहिला. मला सुट्टी होती, म्हणून मी गाडी चालवायला बसलो आणि सामान काढून द्यायला वहिनी आल्या. गावातली चार माणसं मोटार वर ओढायची, मेहुणे दाखवतील तशी खोलायची, आणि सामान लागलं की मेहुणे बाजेवर बसून सांगायचे, "डावीकडं, वरून दुसरा, पुढून तिसरा डबा." वहिनींच्या हातात अचूक तोच डबा यायचा. आठवड्यात तर ते सांगायच्या आधी यायला लागला. एकदा वाटेत वहिनी मला म्हणाल्या, "वीस वर्षं ह्यांचा डबा भरून दिला बघा. पर ह्ये काय काम करत्यात, ते आत्ता बघितलं." मेहुणे खिडकीबाहेर बघत राहिले.

अडचण एकच होती. वहिनी जेमतेम पाच फूट, आणि कप्पे सहा फुटी माणसाच्या हातानं मापलेले. त्या बादली पालथी घालून वर चढायच्या. एके दिवशी बादली निसटली. वहिनींनी कप्प्याची पट्टी धरली म्हणून वाचल्या. तळहात खरचटला, एवढंच. त्या स्वतः हसल्या. मेहुण्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला. परत येताना ते सारखे मागं वळून कप्प्यांकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर सगळा माल अंगणात मांडलेला, आणि मेहुणे डाव्या हातानं बोल्ट सोडवत होते. मी पाना हातात घेतला. त्यांनी वहिनींना गाडीमागं उभं केलं आणि म्हणाले, "हात वर कर. ताणू नगं. रोजच्यासारका." त्या हाताच्या टोकाशी त्यांनी पत्र्यावर खडूची रेघ ओढली. त्या रेघेच्या वर असलेलं सगळं आम्ही दिवसभर खाली आणलं. संध्याकाळी वहिनींनी एकेका कप्प्याला हात लावून बघितला आणि भाकरी करायला आत गेल्या.

प्लास्टर निघालं, हात बरा झाला. मी म्हटलं, "आता कप्पे परत वर घेऊ या." ते म्हणाले, "न्हाय. तिचा हात पोचतोय. म्या वाकतो की." आणि खरंच ते वाकतात, दिवसातून पन्नास वेळा.

परवा कामासाठी कळंबला गेलो, तर रस्त्याकडेला ती गाडी उभी होती. मागचं दार उघडं. मेहुणे वाकून काहीतरी शोधत होते आणि वहिनी त्यांना हातानं दाखवत होत्या. हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही. दोघांचं काम छान चाललं होतं. तिथं ड्रायव्हरची काही गरज नव्हती. मी एसटीत जाऊन बसलो. खिडकीतून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो.